हळदीच्या हंगामात घडवलेली सवत

परवा सकाळी दार उघडलं आणि हळद शिजल्याचा वास घरात शिरला. या वर्षातला पहिला. थोडा उकडलेल्या रताळ्यासारखा, थोडा ओल्या मातीसारखा, आणि तळाशी कुठंतरी कडवट. कृष्णाकाठाला हा वास एकदा आला की उन्हाळा पुरता तापेपर्यंत मुक्काम हलवत नाही. अंथरुणात येतो, भाकरीत येतो, चहाच्या कपात उतरतो. कुणाला त्यानं माहेर आठवतं, कुणाला स्वतःचं लग्न. मला लाज वाटायला लागते. मग दिवसभर मी शालनच्या नजरेला नजर न देता घरात वावरतो. शालन म्हणजे माझी बायको. तिला माझे हे दिवस बरोबर ओळखता येतात. "आला का वास?" एवढंच म्हणते आणि कामाला लागते.

आमच्या गावात या दिवसांत काय काय पिवळं होतं ते सांगितलं तर बाहेरचा माणूस हसतो. हळद शिजवून वाळवली की ती मोठ्या ड्रममध्ये घालून फिरवतात. वरचं साल झडतं आणि आतून हळकुंड सोन्यासारखं निघतं. त्या ड्रममधून जो धुरळा उडतो तो कुणालाही सोडत नाही. पांढरं कुत्रं पिवळं होतं. दोरीवरचं धुणं बघून आख्ख्या गावाचं लग्न निघालंय असं वाटतं. माणसं पिवळी शिंकतात. एका साली एक कावळा इतका पिवळा झाला की त्याच्या बायकोनं त्याला घरट्यात घेतलं नाही. हे मी स्वतः बघितलंय. निदान पारावर सांगताना तरी मी ते स्वतः बघितलेलं असतं.

मी इंजिनांचा मिस्त्री. हळदीचे ड्रम फिरवणारी डिझेल इंजिनं वर्षभर गोठ्याच्या कोपऱ्यात कोंबड्यांना अंगावर घेऊन झोपलेली असतात. हंगाम आला की त्यांना एकदम राबायला सांगतात. मग ती म्हाताऱ्या माणसासारखी खोकतात, काळं ओकतात, दम टाकतात आणि माझ्याकडं येतात. खोकणाऱ्या इंजिनाचं दुखणं बहुतेक वेळा डोक्यात असतं. हेड उतरवायचं, त्यातले वॉल, म्हणजे हवा-धूर आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा, काढायच्या, घासून परत नीट बसवायच्या, की गडी पुन्हा तरणा. पण वॉल काढायचा तर त्याच्यावरची स्प्रिंग आधी दाबावी लागते, आणि ही स्प्रिंग म्हणजे तालमीत वाढलेला पैलवान. ती दाबून धरली की तिच्या डोक्यावरच्या वाटीत दोन अर्धगोल कॉटर दिसतात, मक्याच्या दाण्याएवढे. ते उचलले की वॉल सुटला. आता दाबायलाच दोन्ही हात आणि अंगातलं सगळं वजन लागतं. नेमक्या त्याच क्षणी दाणे उचलणार कोण? म्हणून या कामाला एक हत्यार असतं, स्प्रिंग कंप्रेसर. ते स्प्रिंग दाबून धरतं आणि मिस्त्री निवांतपणे कॉटर काढतो. ज्याच्याकडं हत्यार नाही तो हाताखाली माणूस ठेवतो. माझ्याकडं हत्यार नव्हतं आणि माणूसही नव्हता. गावाला मी तसं सांगितलं होतं.

"एकटं कसं जमतंय वो मिस्त्री?" पारावर कुणीतरी दरवर्षी विचारायचंच.

"ह्या हातानं स्प्रिंग दाबतो," मी डावा हात वर करायचो, "ह्या हातानं कॉटर उचलतो."

"आन् घाम आला तर?"

"घाम यायला येळ लागतोय. तवर वॉल भाईर."

लोक हसायचे. मला वाटायचं, कौतुकानं हसतात. माझा थोरला भाऊ फौजेत गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये होता. त्याच्या सुट्टीतल्या गोष्टी मी ऐकायचो आणि तो परत ड्यूटीवर गेला की त्याच गोष्टीत त्याच्या जागी मी उभा राहायचो. बर्फात बंद पडलेला रणगाडा मी एका हातानं चालू केला होता, असं आमच्या गावात अजूनही दोन-चार म्हातारे मानतात. प्रत्यक्षात मी बर्फ बघितलाय तो लग्नाच्या जेवणावळीतल्या सरबतात.

खरी गोष्ट पडदा ओढल्यावर सुरू व्हायची. आमचं दुकान पुढं आणि घर मागं, मधे गोणपाटाचा पडदा. गिऱ्हाईक इंजिन टेकवून गेलं की मी हेड उतरवायचो आणि आत न्यायचो. आत शालन पाटावर बसलेली असायची, डोक्यातला केसांचा आकडा हातात घेऊन. मी पाइपचा तुकडा स्प्रिंगवर टेकवून त्याच्यावर पोटासकट सगळा कलंडायचो. माझ्या तोंडाचा टोमॅटो व्हायचा. ती मान वाकवून वाटीत बघायची. तिच्या बांगड्या मागं सरकलेल्या, हळद निवडून निवडून बोटं पेरापर्यंत पिवळी, आणि त्या पिवळ्या बोटांत तो काळा आकडा.

"हलू नका."

मी हलायचो नाही.

"श्वास धरा."

मी श्वास धरायचो. जगात दुसऱ्या कुणी सांगितल्यावर मी इतका वेळ गप्प बसलेलो नाही. टक् करून एक दाणा तिच्या तळहातावर, टक् करून दुसरा. ती तळहात माझ्यापुढं धरायची, जणू तिनं आत्ताच शेंगा फोडल्या आहेत. मग पदराला बोटं पुसून भाकरी थापायला निघून जायची.

हे कधी सुरू झालं? लग्नाला नुकतं वर्ष झालं असावं. एकदा ती चहा घेऊन आली आणि मी स्प्रिंगवर पालथा पडून ओरडत होतो. तिनं कप खाली ठेवला, काही न विचारता आकड्यानं कॉटर उचलले आणि म्हणाली, "च्या गार हुईल." त्या दिवसापासून ते काम तिचं झालं. मी तिला कधी शिकवलं नाही. शिकवलं असतं तर कदाचित तिचं नाव घेतलं असतं, शिष्य म्हणून. न शिकवता जमलेल्या माणसाचं नाव घ्यायचं कसं, तेच मला समजलं नाही. आणि बाईमाणूस वॉल काढतं म्हटल्यावर मिस्त्री म्हणून माझं काय राहणार, हे मात्र मला लगेच समजलं.

हेड आत का नेता, असं कुणीतरी विचारलंच. माझ्या तोंडातून उत्तर आलं ते असं, की हेड उघडण्याआधी मी ते देवापुढं ठेवतो. देवाला विचारल्याशिवाय स्प्रिंगला हात लावत नाही. ही थाप मी एकदाच मारली, पण ती पिकली. दुसऱ्या हंगामापासून लोक हेडबरोबर नारळ द्यायला लागले. कुणी नारळाबरोबर तांदूळ, कुणाच्या घरातून वर एक खण. मी ते सगळं मोठ्या गंभीर चेहऱ्यानं आत न्यायचो. आमच्या घरात त्या दिवसांत इतक्या नारळांची चटणी व्हायची, की शेजाऱ्यांना वाटायचं आम्ही मूळचे कोकणातले.

आता त्या सालाबद्दल. हळदीचं पीक तेव्हा आख्ख्या काठावर असं आलं होतं, की वाळवायला अंगणं पुरेनात, माणसांनी देवळाची फरशी, शाळेचं मैदान, जिथं ऊन पडेल तिथं हळद पसरली. माझ्या दुकानापुढं इंजिनं रांगेत उभी. आणि त्याच दिवसांत आमच्या मनीषाचं बाळंतपण आलं. पोटची एकुलती पोर, पहिलं बाळंतपण. रिवाजाप्रमाणं ती माहेरी यायची. पण ती दिली आहे तिकडं कवठे महांकाळला, आणि डॉक्टरनं तिला सांगितलं, प्रवास बंद, पडून राहायचं. घरात सासू नाही, सासरे शेतात, जावई पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर, उन्हाळ्याच्या तोंडाला तो जतकडच्या वाड्या-वस्त्या फिरणार की बायकोच्या उशाशी बसणार? म्हणजे लेक येऊ शकत नव्हती, तर आईनं जायचं होतं. एवढी साधी गोष्ट.

"आई, कवा येतीस?" मनीषा फोनवर विचारायची. शालन फोन कानाला लावून माझ्याकडं बघायची. मी बाहेरच्या इंजिनांकडं बघायचो.

"हळद जरा उरकली की जा," मी म्हणालो.

"हळद उरकंपातूर पोरगं चालत यील हिकडं," शालन म्हणाली. "आवं, एक माणूस बगा की हाताखाली. न्हाईतर ते हत्यार आना. तुमीच म्हंत हुता, मिळतंय म्हणून."

माणूस बघणं मला शक्य नव्हतं. माणूस ठेवला तर पारावरच्या त्या दोन हातांचं काय? म्हणून हत्यार. तेही गुपचूप, सांगलीतून.

सांगलीत त्या दिवसांत हवाच पिवळी असते. हळदीची पोती, गुळाच्या ढेपा, हमालांच्या शिव्या, आणि त्या सगळ्यातून वाट काढत मी यंत्राच्या सुट्या भागांच्या एका दुकानात शिरलो. आधी इकडं तिकडं बघून घेतलं, गावचं कुणी नाही ना. आपल्या रोजच्या कामाचं हत्यार विकत घ्यायला आलेला मिस्त्री मी, आणि मान अशी खाली, की दुकानदाराला वाटलं असेल चोरीचा माल विकायला आलाय.

"स्प्रिंग कंप्रेसर दाखवा," मी म्हणालो. "मला नको. आमच्या गावात एक मिस्त्री हाय. अंगानं जरा कमी हाय बिचारा."

त्यानं काउंटरवर तीन प्रकार मांडले. एक इंग्रजी सी अक्षरासारखा शिकंजा, त्याचं एक टोक वॉलवर, दुसरं वाटीवर, मूठ पिळली की स्प्रिंग खाली. एक दोन पंजांचा, तो स्प्रिंगचे वेढेच धरून आवळतो. आणि एक नुसती दांडी. तिन्ही चकचकीत.

"वाटी केवढी आहे?" त्यानं विचारलं.

मी आयुष्यभर त्या स्प्रिंगवर पडलो होतो. पण पडलेल्या माणसाला पाइपाखालचं दिसत नाही. वाटी बघायचं काम शालनचं. मी बाजूला होऊन फोन लावला. पोत्यांच्या गाड्यांच्या गोंगाटात ऐकू येईना म्हणून स्पीकर चालू केला, तिथं माझं चुकलं.

"अगं, ती स्प्रिंगची वाटी केवढी असंल?"

"कुटं हायसा?"

"सांगलीत. माप सांग."

"खोकल्याच्या औषदाचं टोपण बरोबर बसतंय त्येच्यावर. आन् त्येला बाजूनं खिडकी मोठी पायजे बगा, आत बोट गेलं पायजे. माझी बोटं न्हाईत आता तिथं, तुमची म्हंजी केळी हायत."

दुकानदार माझ्याकडं बघत होता. शेजारी उभा असलेला एक ट्रॅक्टरवाला फोनकडं बघत होता.

"आन् दुसरं म्हंजी..." शालन सांगत होती, तोवर मी फोन बंद केला.

"मिस्त्री त्याच का?" दुकानदारानं विचारलं. टोमणा नव्हता. खरंच विचारत होता.

"न्हाई, ते... त्याच्या घरातल्या," मी म्हणालो, जो पहिला शिकंजा हाताला लागला तो उचलला आणि दुकानाबाहेर पडलो. बाहेर उन्हात उभं राहिल्यावर कानाच्या पाळ्या जळत होत्या. नदीवर जाऊन तोंड धुतलं. तरी जळत होत्या.

घरी येऊन शिकंजा हेडवर चढवला, तो अर्ध्यातच अडकला. आमच्या इंजिनाचं हेड जाड, याचा घसा आखूड. वाटीपर्यंत टोक पोचेचना. शालन कमरेवर हात ठेवून बघत होती.

"घशाची खोली बगून घ्या म्हनून सांगत हुते, तवर फोन ठिवलासा."

"रेंज गेली."

"सांगलीत?"

मी शिकंजा फडक्यानं पुसायला लागलो.

"उद्या जाऊन बदलून आना. मी परवा सकाळच्या गाडीनं जाते."

इथं खरं म्हणजे गोष्ट संपायला हवी होती. सांगली काही परदेशात नाही. पण त्या दुकानदाराच्या तोंडापुढं परत उभं राहायचं, आणि तो पुन्हा सरळपणानं विचारणार, त्या बाईंनी काय सांगितलं? माझे पाय वळेनात. मी शालनला म्हणालो, "बाजारातलं हत्यार आपल्या इंजिनाला चालतच न्हाई. मी असं हत्यार बनवतो, की सांगलीवाले बघायला येतील." आजही त्या वाक्याची आठवण झाली की मी एकटा असलो तरी घसा खाकरतो, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून.

मग सुरू झालं हत्यार करणं. माणूस लाजेपायी किती कष्ट करू शकतो ते मला तेव्हा कळलं. लिंबाखाली पडलेल्या जुन्या जीपचा पाटा कापून दांडी केली. पाइपच्या तुकड्याला खिडकी पाडली, आणि ती शालनला दाखवून दोनदा मोठी केली. दांडीच्या मधोमध खीळ घालून ती हेडच्या बोल्टाला अडकवली, पुढच्या टोकाला पाइप जोडला आणि मागचं टोक जोर लावून दाबलं. पाइप खाली जायच्या ऐवजी वर गेला. पाण्याच्या हापशासारखा. मग मागचं टोक वर उचलून बघितलं, तर पाइप वाटीवरून सटकला आणि स्प्रिंग उडाली. ती किती वर गेली हे मी सांगणार नाही, कारण पारावर सांगताना ती परत आलीच नव्हती. प्रत्यक्षात ती पत्र्याला लागून शालनच्या पिठाच्या परातीत पडली. एक कॉटर मात्र कायमचा गेला.

बाहेर इंजिनं वाढत होती. आत मनीषाचे फोन वाढत होते. आधी ती हसून विचारायची, "हळद झाली का गं?" मग हसणं गेलं. मग विचारणंही गेलं. नुसतं "बरी हाय" म्हणून ठेवायला लागली. शालनची पिशवी दाराजवळ भरून ठेवलेली होती, त्यात बाळंतिणीचे डिंकाचे लाडू आणि जुन्या मऊ लुगड्याची दुपटी. मी आत-बाहेर करताना रोज त्या पिशवीला वळसा घालून जायचो. तिच्यावर हळदीचा धुरळा बसत होता. शालन ती रोज पुसायची आणि परत तिथंच ठेवायची.

शेवटी एका दुपारी ती सुपारी कातरता कातरता थांबली. अडकित्ता माझ्यापुढं धरला.

"हे बगा. सुपारी कुटं हाय? मदी. खीळ कुटं हाय? टोकाला. दाबतोय कुटं? दुसऱ्या टोकाला. तुमी खीळ मदी घालून सुपारी टोकाला ठिवलीया."

मी अडकित्त्याकडं बघत राहिलो. मग मुकाट्यानं खीळ टोकाला घेतली, पाइप मधे आणला. दांडी दाबली. पैलवान गुडघ्यावर आला. एका हातानं. खरोखर एका हातानं, आणि दुसरा हात मोकळा.

"झाली बगा सवत तयार," शालन म्हणाली. "आना घरात, मी कुटं नगं म्हंते? आता मी जाते. पन आदी एकदा तुमच्या केळ्यांनी कॉटर निगतोय का बगू."

असं आम्ही बसलेलो होतो. तिचा हात दांडीवर, माझ्या बोटांत तिचा आकडा, दोघांची डोकी हेडवर वाकलेली, आणि पडदा बाजूला झाला. दादू तात्या आत आले. गावातला सगळ्यात मोठा पॉलिशचा ड्रम यांचा, आणि त्यांचंच हेड आमच्यापुढं उघडं पडलेलं.

मी तोंड उघडलं. "तात्या, आज देवाला कौल लावायला म्हणून हिला..."

"मिस्त्री, बास रं आता," तात्या म्हणाले. आवाज चढवला नाही. "वहिनी, तुमी अजून हितंच? मनीचे दिवस भरलेत म्हनून आमच्या घरात कवापासनं बोलत्यात."

"हे हत्यार व्हायचं हुतं," शालन म्हणाली.

"हत्यार कशाला? मला हाक मारायची. मी बसलो नसतो व्हय कॉटर काढाय? गावात कुनीबी बसला असता."

"गावाला..." मी म्हणालो.

"गावाला सगळं ठावं हाय. तुमास्नी काय वाटलं, नारळ आमी देवाला देत हुतो? देवाचा नारळ फोडून निम्मा परत मागतोय माणूस. आमी कवा मागितला का? खण कुटं देवाला देत्यात व्हय मिस्त्री? ती वहिनीची ओटी हुती. आमच्या बायका भरून द्यायच्या तुमच्या हातात."

मला आठवतं, त्या वेळी बाहेर एक इंजिन चालू होतं आणि त्याचे ठोके मी मोजावेत तसे ऐकत होतो. इतकी वर्षं आख्खं गाव माझ्या तोंडावर हसत होतं, आणि माझी लाज झाकून शालनला तिचा मान पोचवत होतं, माझ्याच हातून. मी तो नारळ देवापुढं ठेवायचो. चटणी तर मीच जास्त खाल्ली होती. मी शालनकडं बघितलं. तिच्या तोंडावर आश्चर्य नव्हतं. तिला माहीत होतं. नुसत्या नारळाचं ठीक, पण खण बघितल्यावर बाईला ओटी ओळखता येणार नाही?

"मला का सांगितलं न्हाईस?" मी विचारलं.

"तुमी इतक्या झोकात आत यायचा नारळ घिऊन," ती म्हणाली. "त्यो झोक मला मोडवंना."

तात्यांनी स्वतः मोटारसायकलवरून तिला स्टँडवर सोडलं. पिशवी मांडीवर घेऊन ती गेली. आणि ती मिरजेच्या अलीकडंच असेल, तेव्हा माझा फोन वाजला. जावई होता. "मामा, मुलगी झाली. दोगी बऱ्या हायत. शेजारच्या काकी हुत्या बरूबर." मागं कुणीतरी रडत होतं. आधी मला वाटलं बाळ. मग आवाज ओळखीचा लागला.

त्यानंतर मी एकटा राहिलो आणि पहिल्यांदाच खरोखर एकट्यानं काम केलं. सवत एका हातानं दाबायचो, दुसऱ्या हातानं कॉटर उचलायचो. आयुष्यभर जी थाप मारली ती आता अक्षरशः खरी झाली होती, आणि बघायला कुणी नव्हतं. गिऱ्हाईक चांगलं चालणारं इंजिन घेऊन जाताना आत डोकावून म्हणायचं, "वहिनी आल्या वाटतं?"

बारसं महिनाभरानं ठेवलं होतं, त्याला मी गेलो. वाटेत काठावरचा हिरवा ऊस मागं पडतो, झाडं खुरटी होत जातात, आणि कवठे महांकाळच्या पुढं नुसतं उन्हानं पांढरं पडलेलं रान. त्या रानात माझा पिवळा सदरा लांबून दिसत असणार. मांडवात बायका जमल्या होत्या. मनीषाची चुलत सासू मोठ्या आवाजाची. पाळण्याला दोरी बांधता बांधता ती म्हणाली, "पयलं बाळंतपण, आन् आई पावण्यावानी मागनं आली. हळद लय प्यारी बया काठावरच्या लोकास्नी." बाकीच्या बायका हं हं म्हणाल्या. शालन बाळाची दुपटी घडी करत होती. घडी मोडली, परत घातली.

मला सहन झालं नाही. मी मांडवाच्या मधे उभा राहिलो. मी उभा राहिलो की माणसं आपोआप जवळ सरकतात, ही माझी जुनी कमाई. मी म्हणालो, "पावण्यांनो, हिचा काय दोष न्हाई. ही माझ्यामुळं मागं राह्यली. इंजिनाचे वॉल मी काढत न्हवतो, ही काढत हुती. डोक्यातल्या आकड्यानं. मी नुसता वरनं पोट टाकून पडायचो. गावाला मी सांगितलं, देव काढतोय. लोकं नारळ द्यायची. हत्यार बनंपातूर मी हिला सोडली न्हाई. ते हत्यारबी हिनंच सुपारी कातरता कातरता सांगितलं."

मग जावयाचा एक चुलता गुडघ्यावर थाप मारून हसला. मग दुसरा. मग मांडवच हसायला लागला. चुलत सासूच्या डोळ्यांतून पाणी आलं. "म्हनं देव वॉल काढतोय," ती म्हणाली. "मनीचा बा लय गमत्या हाय, मी ऐकलंच हुतं." कुणीतरी म्हणालं, मामा, अजून एक हुंद्या. मी हात जोडून सांगत होतो की हे खरं आहे, शपथ घेत होतो, आणि जितकी शपथ घेत होतो तितकं हसू वाढत होतं. पाळण्याजवळ बसलेली मनीषा तेवढी हसली नाही. ती त्याच घरात लहानाची मोठी झाली होती. पडद्याच्या आतल्या बाजूला. तिनं एकदा आईच्या हाताकडं बघितलं आणि मग माझ्याकडं, आणि बाळाला पदराखाली घेऊन पाठ वळवली. हसू ओसरल्यावर बायका परत नाव ठेवण्याच्या तयारीला लागल्या. शालन उशिरा आली ती आलीच. त्या हिशेबात माझ्या बोलण्यानं तसूभरही फरक पडला नव्हता. उलट, नवरा हसवून झाकतोय म्हणजे बाईचंच काहीतरी असणार, असं दोघी-तिघींच्या तोंडावर मला स्पष्ट दिसलं.

लाजेचे प्रकार असतात, हे मला त्या मांडवात समजलं. खोटं उघडं पडलं त्याची लाज तात्यांनी हलक्या हातानं उतरवून ठेवली होती. पण खरं बोलायला उभं राहावं आणि ते आपल्या तोंडून खोट्यासारखं बाहेर पडावं, ही लाज उतरवायला माणूसच सापडत नाही. ती दरवर्षी हळदीच्या वासाबरोबर परत येते. आता हे लिहितानाही, कुणी वाचणारा पोट धरून हसत असेल, ही भीती आहेच.

परतीच्या गाडीत शालन खिडकीशी बसली होती. महिनाभर लेकीजवळ राहून, बारसं उरकून ती माझ्याबरोबर निघाली होती. बाहेर पाण्याच्या टँकरमागं घागरींची रांग होती, नंतर तीही गेली. मला पुष्कळ बोलायचं होतं. एकदा वाटलं माफी मागावी, पण ती कोणत्या आवाजात मागायची ते ठरेना. माझ्याकडं एकच आवाज आहे, आणि तो मांडवात खपून गेला होता. मी गप्प बसलो. इतका गप्प, की तिकीट देऊन पुढं गेलेला कंडक्टर परत आला, माझ्याकडं वाकून बघितलं आणि शालनला म्हणाला, "आजी, आजोबांना बरं न्हाई का?"

"बरं हाय," शालन म्हणाली. "खरं बोलून आल्यात. सवय न्हाई त्यास्नी."